शोक कोणाचा?

बिली हॉलिडे या अमेरिकन जाझ-गायिकेच्या ध्वनिमुद्रिकांतून मोजक्या निवडून संग्रही ठेवावयाच्या म्हटले, म्हणजे प्रथमदर्शनी जो प्रश्न केवळ अभिरुचीचा वाटतो तो पाहता पाहता नीतीचा होऊन बसतो. तिची पहिली ध्वनिमुद्रिका १९३३ सालची, शेवटची १९५९ सालची. आणि या अवधीत तिच्या आवाजाची झालेली पडझड तबकड्यांवर इतकी स्पष्ट उमटली आहे की, टेडी विल्सनच्या पियानोभोवती जमलेल्या छोट्या वाद्यमेळाबरोबर १९३५ पासून तिने गायिलेली तीन-तीन मिनिटांची गाणी ऐकून लगेच १९५८ च्या फेब्रुवारीत रे एलिसच्या तंतुवाद्यांच्या साथीने मुद्रित झालेली 'लेडी इन सॅटिन' ऐकावी, तर दोन्हींतील कंठ एकाच व्यक्तीचा आहे यावर अपरिचिताचा विश्वास बसू नये. रसिकांत एक मत असे रूढ आहे की, यांतील दुसरा आवाजच खरा. कारण त्याच्यामागे भोगलेले दुःख उभे आहे.

दुःख होते यात संशय नाही. बाल्टिमोरमध्ये आबाळीत गेलेले बालपण, पदोपदी वर्णद्वेषाचे अपमान, हेरॉइनचे व्यसन, त्यापायी १९४७ साली झालेली कैद, सुटून आल्यावर न्यूयॉर्कमधील मद्य मिळणाऱ्या नाइट क्लबांत गाण्यासाठी लागणारा पोलिसांचा परवाना रद्द झालेला, आणि अखेर १९५९ च्या उन्हाळ्यात, चव्वेचाळिसाव्या वर्षी, इस्पितळात मरणाच्या दारी असतानाही खोलीवर बसलेला पहारा. हा वृत्तांत ज्याला ठाऊक आहे तो श्रोता त्या चिरकलेल्या स्वरात एका स्त्रीचा विनाश ऐकतो आणि त्याने गहिवरतो. प्रश्न असा, की दुसऱ्याच्या खऱ्याखुऱ्या दुःखाचा असा आस्वाद घेण्याचा अधिकार त्याला कोणी दिला?

आपल्याकडील रसमीमांसकांनी या प्रश्नाचा विचार फार सूक्ष्मपणे केला आहे. क्रौंचवधाच्या प्रसंगी वाल्मीकींच्या मुखातून जो श्लोक बाहेर पडला तो मुनींच्या वैयक्तिक शोकाचा उद्गार समजू नये, असे अभिनवगुप्तांनी बजावले आहे. कारण जो स्वतः शोकाने व्याकूळ आहे त्याच्या ठिकाणी रसनिष्पत्ती संभवत नाही. लौकिक शोक आणि करुणरस यांच्यात त्यांनी घातलेली ही भिंत या गायिकेच्या बाबतीत ढासळलेली दिसते. आणि ती ढासळविली आहे श्रोत्याने, गाण्याकडे पाठ करून चरित्राकडे कान लावून.

शिवाय दुःखाने हे गाणे घडविले, हे म्हणणे पुराव्यापुढे टिकत नाही. २ जुलै १९३५ रोजी, अवघ्या विसाव्या वर्षी, तिने 'व्हॉट अ लिटल मूनलाइट कॅन डू' हे द्रुत लयीचे साधे लोकप्रिय गाणे गायिले, तेव्हाच ती ठोक्याला सोडून मागे रेंगाळते, आता ही लयीबाहेर जाणार अशी धास्ती वाटावी तोच पुढचा शब्द अचूक जागी ठेवते, आणि त्या क्षुल्लक गाण्याला थोरवी आणते. १९३७ पासून लेस्टर यंगचा सॅक्सोफोन तिच्या ओळींच्या आडोशाने वाजू लागला, त्या गाण्यांतील आनंद कोणत्याही शोकाइतकाच खोल आहे. पुढील वर्षांनी तिचा पल्ला आखूड केला आणि दमसास तोडला. दुःखाने आत्मा उजळतो असे अनेक धर्म सांगतात, आणि स्वतःच्या दुःखाविषयी कोणी तसे मानले तर तो त्याचा अधिकार. परंतु दुसऱ्याच्या दुःखाविषयी तसे म्हणणे म्हणजे ज्यांनी ते दिले त्यांच्या अपराधाला पुण्याचा दाखला देणे होय.

मग 'लेडी इन सॅटिन' का ठेवावी? तिच्यातील पहिलेच गाणे, 'आय ॲम अ फूल टु वॉन्ट यू', लक्षपूर्वक ऐकावे. दीर्घ स्वर धरता धरता थरथरतो, ओळीच्या शेवटी श्वास उघडा पडतो. पण शब्द कोठे टाकायचा, किती उशिरा टाकायचा, हा विवेक विसाव्या वर्षी होता तसाच शाबूत आहे. मुद्रणाच्या वेळी तिच्या गाण्यावर नाराज असलेल्या रे एलिसचेही मत नंतर नुसते ऐकत बसल्यावर पालटले. शोकाचे रसात रूपांतर करणारी शक्ती हीच, आणि ती तिच्या साधनेची कमाई आहे. डिसेंबर १९५७ मध्ये दूरचित्रवाणीवर तिने 'फाइन अँड मेलो' गायिले, त्या चित्रफितीत प्रकृतीने खचलेला लेस्टर यंग उठून मोजकेच स्वर वाजवितो, तेव्हा मान डोलावीत त्याच्याकडे पाहणाऱ्या तिच्या मुद्रेवर निखळ रसिकाचे समाधान आहे. तिचे दुःख ऐकायला बसलेल्याने ते एकदा पाहावेच.

हेच गाणे तिने १९३९ साली प्रथम मुद्रित केले, कमोडोर कंपनीच्या तबकडीवर. आणि तिच्या दुसऱ्या बाजूस आहे 'स्ट्रेंज फ्रूट', अमेरिकेच्या दक्षिणेत जमावाने मारून झाडाला टांगलेल्या कृष्णवर्णीयांविषयीचे, कोलंबिया कंपनीने नाकारलेले. न्यूयॉर्कच्या कॅफे सोसायटीत ते गाताना वाढपी काम थांबवीत, दिवे मालवीत, केवळ तिच्या चेहऱ्यावर प्रकाशाचा झोत राही, आणि गाणे संपताच ती निघून जाई. पुन्हा गाण्याची फर्माईश चालत नसे. हा शोक तिच्या एकटीचा नव्हता, आणि त्याचा सुखाने आस्वाद घेता येऊ नये अशी तजवीज त्या शिरस्त्यातच होती. ती बाजू मी क्वचित लावतो, आणि लावली तर तिच्यामागून लगेच दुसरे गाणे लावीत नाही.