बोलणाऱ्याला बांधणारे क्रियापद

जुन्नर तालुक्यातल्या आळे गावात एका रेड्याची समाधी आहे. पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद बोलविले, तो हा रेडा. ज्ञानेश्वर आणि त्यांची भावंडे पैठणहून परतत असताना त्याने इथे देह ठेवला आणि ज्ञानेश्वरांनीच त्याला समाधी दिली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. महिपतींनी १७६२ साली पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’त पैठणचा हा प्रसंग आहे आणि कीर्तनांत तो आजही रंगतो.

त्या कथेतले क्रियापद नीट पाहावे. ‘रेडा वेद बोलला’ असे सहसा कुणी म्हणत नाही. ‘रेड्यामुखी वेद बोलविले’ असेच म्हणतात. प्रयोजक रूप आले की कर्तेपण ज्ञानदेवांकडे जाते आणि रेडा केवळ मुख उरतो. आळ्याच्या लोकांनी मात्र त्या मुखालाच पूज्य मानले. वेद कोणी उच्चारावेत यावरून ज्या समाजात माणसांना बाहेर ठेवले जात होते, त्याच समाजातल्या एका गावाने बोलत्या जनावराची समाधी जपली, ही गोष्ट लहान नाही.

‘बोलणे’ या क्रियापदाचे कूळही असेच अधिकाराबाहेरचे आहे. ‘म्हणणे’ संस्कृतातल्या ‘भण्’पर्यंत पोचते, ‘वदणे’ तर उघडच ‘वद्’चे. ‘बोलणे’ला असा थोर पूर्वज दाखवता येत नाही. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्रांनी प्राकृताचे व्याकरण रचले. संस्कृत ‘कथ्’च्या जागी लोक कोणते धातू वापरतात, हे सांगताना त्यांनी दहा धातू नोंदवले: वज्जर, पज्जर, उप्पाल, पिसुण, संघ, बोल्ल, चव, जम्प, सीस, साह. यांतले बहुतेक आज ओळखूही येत नाहीत. ‘संघ’ आपल्या ‘सांग’च्या जवळचा दिसतो. ‘बोल्ल’ मात्र मराठी, हिंदी, गुजराती अशा सगळ्या घरांत नांदतो आहे. पंडितांच्या धातुपाठातून खाली उतरलेला हा शब्द नव्हे. लोकांच्या तोंडातून तो वर चढला. १२९० मध्ये नेवाशाला गीतेवरची टीका सांगताना ज्ञानेश्वरांनी आपल्या मराठीला ‘बोल’च म्हटले, हे या संदर्भात अर्थपूर्ण आहे.

जुन्या मराठीत उद्गार नोंदवण्याचे काम ‘म्हणणे’कडे होते. तेराव्या शतकातल्या ‘लीळाचरित्रा’त चक्रधरांचे वाक्य येते ते ‘म्हणितलें’ या शब्दाला जोडून. मग ‘बोलणे’ने काय केले? त्याने शब्दाची जबाबदारी उचलली. ‘बोली’ म्हणजे भाषा, तशीच अटही: अमुक बोलीवर जमीन वाट्याने दिली. लग्न जुळवताना होतात ती ‘बोलणी’. ‘शब्दाला जागणे’ आणि ‘बोलाला जागणे’ एकच. दोष आला तोही याच शब्दातून: ‘मला बोल लावू नकोस’, ‘सासू फार बोलली’, ‘घरी बोलणी खावी लागली’. नुसते ‘बोलली’ म्हटले तरी रागावली हे मराठी माणसाला कळते. बोलण्याने कुणीतरी बांधले जाते किंवा कुणावर तरी ठपका येतो. तोंडातून निघून हवेत विरणाऱ्या आवाजाला हे क्रियापद क्वचितच चिकटते.

जुन्नर-आंबेगावात या अर्थाचा रोजचा व्यवहार चालतो. मंचर, ओतूर, जुन्नर इथल्या बाजारात कांद्याच्या लिलावात व्यापारी देतो ती ‘बोली’. चार माणसांदेखत बोलला की भाव त्याच्यावर चढला. नारायणगावात पाडव्याच्या सुमारास तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच येतात, यात्रेची तारीख सांगतात, रकमेची बोलणी होतात आणि सुपारी ठरते. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांच्या गावातली ही पेठ आहे. इथे कागद होतो, इसारही दिला जातो, पण फड आणि गाव यांचे नाते वर्षानुवर्षे टिकते ते बोलल्याप्रमाणे वागण्यावरच.

सर्वांत खोल बंधन नवसाचे. भीमाशंकराला असो की ओझरच्या विघ्नहराला, नवस ‘बोलला’ जातो आणि मग तो ‘फेडावा’ लागतो. म्हणजे बोलताक्षणी कर्ज झाले. व्याकरणानेही याची दखल घेतलेली दिसते. एरवी ‘ती बोलली’ असा कर्तरी प्रयोग पक्का. ‘तिने बोलले’ कानाला खटकते. पण ‘तिने नवस बोलला’ हे कित्येकांच्या तोंडी सहज येते. ‘ती नवस बोलली’ हेही चालते, तरी पहिल्या वाक्यात नवस ही वस्तू झाली आहे, बोलणाऱ्यापासून वेगळी, आता देवाच्या खात्यावर मांडलेली. अर्थ बदलला तसा वाक्याचा सांधाही बदलला, आणि तो कुठल्या व्याकरणकाराने बदलायला सांगितला नव्हता.

अलीकडे या क्रियापदावरून वेगळाच वाद होतो. ‘मी त्याला बोललो की उद्या ये’ असे तरुण पिढी म्हणते. शिक्षक आणि संपादक तिथे ‘म्हणालो’ किंवा ‘सांगितले’ असे दुरुस्त करतात. छापील गद्यात तो भेद राखावा, कारण ‘म्हणणे’, ‘सांगणे’ आणि ‘बोलणे’ या तिघांत वाटलेले काम ही मराठीची खरी श्रीमंती आहे. पण त्या वापराला अशुद्ध ठरवून बोलणाऱ्याला गप्प करणे चुकीचे आहे. हेमचंद्रांच्या यादीतही दहा धातू एकाच कामासाठी एकमेकांशी स्पर्धा करत होते आणि त्यांतला कोणता टिकेल हे कोणत्याही पंडिताच्या हातात नव्हते. जुन्नरच्या पश्चिमेकडच्या महादेव कोळी वस्त्यांतले मूल शाळेत पहिले वाक्य उच्चारते तेव्हा त्यातले क्रियापद पुण्याच्या छापील वळणाचे नसेल. ते दुरुस्त करण्याची वेळ पुढे येईलच. आधी त्याचे वाक्य पुरे होऊ द्यावे.