उत्तर कोकण जिल्हा: नाव की वस्तू?

पेशवाई बुडाली तेव्हा, 1817-18 मध्ये, इंग्रजांनी ठाणे हे मुख्य ठिकाण ठरवून उत्तर कोकण जिल्हा उभा केला. साष्टी 1774 पासूनच त्यांच्या हाती होती. आता कल्याणचा मुलूखही आला आणि त्याबरोबर अंबरनाथ-बदलापूरची गावे. 1830 मध्ये दक्षिण कोकणाचा काही भाग जोडला गेला. 1833 मध्ये जिल्ह्याला ठाणे हे नाव मिळाले. पुढे 1869 मध्ये कुलाबा, 1920 मध्ये मुंबई उपनगर, 2014 मध्ये पालघर असे त्याचे तुकडे निघत गेले.

मग उत्तर कोकण जिल्हा मेला, की नाव बदलून जगतो आहे? नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, म्हणतील, अवयवांत राहणारा अवयवी ही खरी, वेगळी वस्तू आहे. अवयव निघाला की जुना अवयवी नष्ट होतो, नवा जन्मतो. या हिशेबाने ठाणे जिल्हा अनेकदा नव्याने जन्मला. मिलिंदप्रश्न या बौद्ध ग्रंथातला भिक्खू नागसेन मात्र रथाचा दाखला देतो: चाक रथ नव्हे, आसही नव्हे, रथ हे व्यवहारापुरते नाव. जिल्ह्याला हेच लागू पडते. गावे होती, वसूल होता, कचेरी होती. त्यांची मोट बांधणारी गोष्ट हुकूम होती, आणि हुकूम बदलतो.

देवस्थानाचे तसे नाही. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलाहार राजा मुम्मुणीचा लेख शके 982 चा, म्हणजे इ. स. 1060 चा आहे. शिलाहारांचे राज्य गेले, त्यानंतरच्याही सत्ता गेल्या. महाशिवरात्रीला लोक पायऱ्या उतरून त्याच खोल गाभाऱ्यातल्या शिवापाशी जातात. राजाने मंदिर बांधले खरे, पण ते टिकवले उपासनेने. श्रद्धावंताच्या लेखी तिथला देव कोणाच्या हुकमाने आलेला नाही.

नाव की वस्तू हा प्रश्न उल्हासनगरने उलटा करून ठेवला. दुसऱ्या महायुद्धातल्या कल्याण लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते नगराची पायाभरणी झाली. 1936 पर्यंत ठाण्याप्रमाणे सिंधही मुंबई इलाख्यातच होता. या निर्वासितांच्या सिंधमधल्या हैदराबाद, शिकारपूरची नावे नकाशावर शाबूत राहिली, माणसे मात्र उठली. झुलेलाल ही सिंधींची जलदेवता; सिंधू नदीपासून दुरावलेल्यांनी तिचा चेटीचंडचा उत्सव इथे आणला. भूमी सुटूनही उपासना सुटली नाही, हे नागसेनाच्या रथात बसवणे अवघड आहे.

हुकमाच्या हिशेबाने आज उल्हासनगर आणि अंबरनाथ हे ठाणे जिल्ह्यातले वेगळे तालुके आहेत. बदलापूर अंबरनाथ तालुक्यात आहे.