पित्याची प्रतिमा

मृत माणसाचे हुबेहूब रूप घडवून ते घरात बसवावे की नाही, असा प्रश्न पाच-सहा वर्षांपूर्वी कोणी विचारला असता तर आम्ही तो रिकामपणाचा वाद म्हणून सोडून दिला असता. परंतु गेल्या वर्षी उधन्याच्या एका यजमानांकडे सांवत्सरिक श्राद्धासाठी वडिलांच्या समवेत जाण्याचा प्रसंग आला. दिवाणखान्यात खिडकीशी एक वृद्ध गृहस्थ खुर्चीत बसले होते. अंगात स्वच्छ सदरा, कपाळी गंध. आम्ही रीतीप्रमाणे वाकून नमस्कार केला. आशीर्वाद मिळाला नाही. वर पाहिले, तेव्हा ध्यानी आले की ज्यांचे श्राद्ध करावयास आलो तेच हे गृहस्थ, सिलिकॉनचे.

भासाच्या 'प्रतिमा' नाटकातील भरताची आठवण झाली. आजोळाहून परतताना तो अयोध्येबाहेर प्रतिमागृहात शिरतो आणि तेथील मूर्ती देवांच्या समजून नमस्कार करू लागतो. रक्षक त्याला अडवितो: हे देव नव्हेत, दिवंगत राजे आहेत. भरत एकेक नाव विचारीत जातो आणि अखेरच्या प्रतिमेपाशी थबकतो, कारण ती दशरथाची असते. पिता गेल्याचे वर्तमान त्याला मूर्तीनेच कळते. म्हणजे तेथे प्रतिमेचा अर्थ एकच, माणूस आता नाही. यजमानांच्या घरी आम्हांस नेमके उलटे दिसले. ती प्रतिमा माणूस अजून आहे असे म्हणत होती.

यजमानांस हसणे आम्हांस जमले नाही, आणि वाचकांनीही हसू नये. २०२१ च्या एप्रिलात त्यांचे वडील करोनाने गेले. अश्विनीकुमार स्मशानात दुरून एक गुंडाळलेला देह दिसला, इतकेच अंत्यदर्शन. पाणी पाजणे नाही, मुख पाहणे नाही. ज्या मुलास बापाचा चेहरा शेवटचा पाहता आला नाही, त्याने तो पुन्हा घडवून घेतला, तर त्यास मोह म्हणावयाचे की राहून गेलेले ऋण? असे करणारे ते एकटेही नव्हेत. कर्नाटकात कोप्पळ येथे २०२० साली एका उद्योजकाने अपघातात गेलेल्या पत्नीची सिलिकॉनची प्रतिमा नव्या घराच्या वास्तुशांतीस बसविली होती. सांगलीत २०२१ साली एका मुलाने करोनाने गेलेल्या पित्याची तशीच करविली.

या कलेचे कौशल्य मोठे आहे. छायाचित्रांवरून आधी मातीचे रूप घडवितात, त्याचा साचा घेतात, साच्यात सिलिकॉन ओततात, त्यावर रंगाचे पातळ थर देऊन कातडीची छटा आणतात, मग केस एकेक करून सुईने रोवतात. कोल्हापूरजवळ कणेरीच्या सिद्धगिरी मठातील संग्रहालय आम्ही पाहिले आहे. जुन्या गावातील बलुतेदार आपापल्या कामात गढलेले असे तेथे उभे केले आहेत, की शेजारून जाताना पाऊल आपोआप हळू पडते. त्या दर्शनाने मन प्रसन्न झाले होते. मग उधन्यातील दर्शनाने ते का कालवले? कारण कणेरीचा कुंभार कोणाचाच बाप नाही. तो एका गेलेल्या काळाची खूण आहे, आणि त्याला कोणी रात्री झोपण्यापूर्वी हाक मारीत नाही.

यजमानांनी आमच्या वडिलांस दोन गोष्टी विचारल्या. पिंड या मूर्तीपुढे ठेवावेत काय? आणि हिची प्राणप्रतिष्ठा करता येईल काय?

आमच्या परंपरेस सारखेपणाचे अगत्य फारसे कधी नव्हतेच. शेंदूर फासलेला तांदळा देव होतो. त्यास नाक-डोळे नसले तरी भक्ताचे काही अडत नाही. शुक्रनीतिसारात तर देवाची मूर्ती लक्षणहीन असली तरी कल्याणकारी आणि मर्त्य माणसाची सुलक्षण असली तरी श्रेयस्कर नव्हे, असा अभिप्राय आहे. हे वचन आम्हांस पूर्वी कठोर वाटे. मृतासाठी आमच्याकडे प्रतिमा होतेच, पण कशी? देह सापडला नाही तर पालाशविधीत पळसाच्या ३६० देठांची आकृती मांडतात, मस्तकाच्या जागी नारळ ठेवतात आणि तिला अग्नी देतात. चटश्राद्धात दर्भाचे चट मांडून त्यांवर पितरांचे आवाहन होते आणि कर्म संपताच विसर्जन. त्या देठांत कोणाचाही चेहरा नाही, म्हणूनच ती जाळताना हात थरथरला तरी अडत नाही. चेहरा असता तर कोणत्या पुत्राने काडी लावली असती?

रॉन म्यूक नावाचा एक शिल्पकार आहे. त्याने १९९६-९७ मध्ये आपल्या मृत पित्याचा देह घडविला. अंगावरचा केस न् केस खरा वाटावा असा. केस तर त्याने स्वतःचेच वापरले. परंतु लांबी अवघी १०२ सेंटीमीटरच्या आसपास. आम्ही ते शिल्प चित्रातच पाहिले आहे. सर्व काही हुबेहूब करून त्याने मापच बदलले. ज्याने आपल्याला कडेवर घेतले तो बाप आता आपण उचलू शकू एवढा झाला आहे. हे पाहणाऱ्याचा क्षणभरही भ्रम होत नाही. दुःख मात्र अधिक होते. उधन्यातील कारागिराने केस तितक्याच निगुतीने रोवले होते. परंतु त्याला मागणी वेगळी होती.

वडिलांनी यजमानांस शास्त्र सांगितले नाही. त्यांनी इतकेच विचारले, "दादा, ज्यांना बोलवायचे त्यांना निरोपही द्यावा लागतो. यांचे विसर्जन कोण करील? आणि करायचे नसेल, तर देवळातल्यासारखी रोजची पूजा तुमच्यामागून तुमच्या मुलांकडून होईल का?" यजमान गप्प राहिले. पिंड दर्भावरच दिले गेले. खुर्ची जागची हलविली नाही. हलवा असे वडिलांनी सांगितलेही नाही. ते आम्हांस तेव्हा कमकुवतपणाचे वाटले होते, आणि परतताना रिक्षात आम्ही तसे बोललोही. वडील म्हणाले, "त्याचा बाप आहे तो. मी कोण काढायला सांगणारा?"

निघताना त्या घरच्या आजींनी आमच्या हातात दक्षिणेचे पाकीट दिले आणि खुर्चीकडे न पाहताच म्हणाल्या, "हे इतके ताठ कधी बसले नाहीत हो. उजवीकडे कलून बसायचे. पोराला सांगितलं नाही मी. त्याला वाईट वाटेल."

यंदाच्या तिथीचे बोलावणे आले आहे. खुर्ची अद्याप खिडकीशीच आहे, असे कळते. मात्र आता रात्री तिच्यावर चादर घालतात.