मोबाईल कोणता घ्यावा?

आपल्या देशात मोबाईलवरचे पहिले बोलणे ३१ जुलै १९९५ रोजी झाले. कलकत्त्याहून ज्योती बसू बोलले आणि दिल्लीत सुखराम यांनी ऐकले. त्या काळी आलेल्या फोनालाही पैसे पडत, म्हणून ती श्रीमंतांची वस्तू होती. आज ती शेताच्या बांधावर आणि दिंडीतल्या पिशवीत येऊन पोचली आहे. तेव्हा मोबाईल असावा की नसावा, हा वाद आता उरला नाही. इंटरनेटचा घ्यावा की साधा बटणांचा, हा प्रश्न मात्र घरोघरी आहे. प्रश्न दुकानातला दिसतो, पण आम्हांस तो विवेकाचा वाटतो.

या बाबतीत मंडळींचे दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, इंटरनेट म्हणजे मनाला विक्षेप, आपला साधा फोन बरा. दुसरा म्हणतो, काळ पुढे गेला, हप्त्याने का होईना पण भारीतला घ्या. दोघेही वस्तूकडे पाहतात. वापरणारा कोण आणि त्याचे काम काय, हे पाहत नाहीत.

पहिल्या पक्षाचा विचार करू. एक गृहस्थ साधा फोन बाळगतात आणि त्याला वैराग्य म्हणतात. पण पीकविम्याचा अर्ज, गॅसचा नंबर, रेल्वेचे तिकीट, बँकेतली शिल्लक, ही सारी कामे शेजारच्या पोराकडून करून घेतात. बँकेचा ओटीपी आला की तोही त्यालाच वाचून दाखवतात. अहो, हे वैराग्य कसले? पेटीची किल्ली दुसऱ्याच्या कनवटीला द्यायची आणि आपण निःसंग म्हणवायचे! पोर भले असले तर निभते. नसले तर वर्षाची पुंजी जाते. शिवाय आपले ओझे रोज त्याच्या खांद्यावर, ते निराळेच. ज्याची अशी कामे अडतात त्याने इंटरनेटचा फोन घ्यावा आणि स्वतः चालवायला शिकावे. त्यात कमीपणा मुळीच नाही.

परंतु ज्याला फक्त बोलायचे आहे, त्याने लोकलाजेस्तव मोठा फोन का घ्यावा? साध्या फोनावरूनही पैसे पाठवण्याची यूपीआयची सोय २०२२ पासून झाली आहे. एवढे मात्र पाहावे की काही कंपन्यांचे सिमकार्ड जुन्या २जी फोनात चालत नाही; त्याला ४जीचा बटणफोन लागतो.

आता दुसरा पक्ष. दुकानदार कॅमेरे किती ते मोजून दाखवतो. आपण निराळेच विचारावे. अक्षर मोठे करता येते का? आवाज मोठा आहे का? बॅटरी दिवसभर पुरते का? कंपनी सुरक्षेची सुधारणा आणखी किती वर्षे देणार? ती बंद पडलेल्या फोनावर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे असते. घरात वायफाय असेल तर फोन ते नीट पकडतो का, हेही पाहावे. जुना फोन घेताना *#०६# दाबले की त्याचा आयएमईआय क्रमांक दिसतो; तो सरकारच्या संचार साथी सेवेवर तपासून घ्यावा. चोरीचा माल स्वस्त मिळाला तरी तो चोरीचाच.

किंमत दुकानात संपत नाही, हेही ध्यानात ठेवावे. पुष्कळशा पॅकमध्ये रोजचा ठरावीक डेटा मिळतो आणि उरलेला मध्यरात्री बुडतो. मग ‘वाया कशाला घालवा’ म्हणून माणूस रात्री बाराच्या ठोक्यापर्यंत पाहत बसतो. पोट भरल्यावर पानात उरले म्हणून खाण्यासारखेच हे! डेटा बुडाला तर काही पैसे बुडतात. झोप बुडाली तर उद्याचा दिवस बुडतो.

येथे कोणी म्हणेल, ‘आम्ही तर कीर्तनच ऐकतो.’ फार चांगले. पण एक कीर्तन संपले की यंत्र आपण होऊन पुढचे काहीतरी समोर आणते, आणि ते कीर्तनच असेल असा भरवसा नाही. ते आपोआप लागणे बंद करता येते. ऐकायचे ते फोनात उतरवून घेतले तर इंटरनेट बंद ठेवूनही ऐकता येते. ही युक्ती घरातल्या मुलांकडून शिकून घ्यावी.

मुलांनाही दोन शब्द. तुम्ही पुण्या-मुंबईहून आईसाठी फोन आणता, त्यात प्रेम आहे. पण तिला काय हवे, हे विचारता का? तिला कदाचित फक्त तुमचा आवाज स्पष्ट ऐकू यायला हवा असेल. जिने वापरायचा, तिनेच निवडावा. आणि आणून दिल्यावर चार दिवस शेजारी बसून शिकवावे; फोनापेक्षा तेच महाग देणे आहे.

तात्पर्य, दुकानाची पायरी चढण्यापूर्वी मनाला तीन गोष्टी विचाराव्या. माझे कोणते काम अडले आहे? ते काम कोणाला पिन न सांगता मला स्वतःला करता येईल का? आणि काम झाल्यावर हा फोन मला खाली ठेवता येईल का? पहिल्या दोहोंची उत्तरे दुकानदार समजावून सांगू शकेल. तिसऱ्याचे उत्तर ज्याचे त्यानेच द्यायचे आहे, आणि ते एकदा देऊन भागत नाही, रोज द्यावे लागते. असो.