कुणाचं छत, कुणाचं अंगण

इराण आणि इराकच्या सीमेवर, झाग्रोस पर्वताच्या कुशीत हवरामान नावाचा कुर्द लोकांचा मुलूख आहे. तिथले डोंगर असे उभे, की घर बांधायला सपाट जागा मिळणं मुश्कील. मग माणसांनी घरंच पायऱ्यांसारखी एकावर एक चढवली. खालच्या घराचं छत तेच वरच्या घराचं अंगण. भिंतीही दगडावर दगड रचून केलेल्या. सांध्यात चुना नाही, माती नाही. प्रत्येक दगड शेजारच्या दगडावर रेलतो आणि त्यालाही टेकू देतो. यातल्या इराणकडच्या भागाला युनेस्कोने २०२१ मध्ये जागतिक वारशाचा मान दिला.

थंडीत इथे बर्फ साचतो. वरच्यांच्या अंगणातला बर्फ म्हणजे खालच्यांच्या डोक्यावरचा भार. तो वेळेवर ओढला नाही, तर गळती दुसऱ्याच्या घरात लागते.

भाराला फारसीत आणि कुर्दीत ‘बार’ म्हणतात. आपला ‘भार’ आणि तो ‘बार’ एकाच मुळातले शब्द. याच डोंगरवाटांवर आज कोलबर दिसतात. ‘कोल’ म्हणजे पाठ, पाठीवर ओझं वाहणारा तो कोलबर. टायर, दूरदर्शन संच, कधी तर अख्खा फ्रिज दोरांनी पाठीशी बांधून ते सीमा ओलांडतात. हाताला दुसरं काम नाही, म्हणून. कुणी हिमकड्याखाली गाडला जातो, कुणी सीमारक्षकांच्या गोळीने पडतो. ऑटोमन आणि सफवी राज्यकर्त्यांनी १६३९ च्या तहात या पर्वतातून आपली हद्द ठरवली, तेव्हापासून या लोकांच्या अंगणातून राजांच्या रेषा जात राहिल्या. ओझं मात्र त्यांच्याच पाठीवर राहिलं.

भार कुणाला चुकत नाही. पण गावातला भार वाटून घेतलेला आहे, म्हणून तो घर उभं करतो. कोलबराच्या पाठीवरचा भार एकट्याचा आहे, म्हणून तो माणसाला मोडतो.

आज दारात पाऊल टाकताना एवढंच आठवू या. आपण ज्यावर निवांत उभे आहोत, ते कुणाचं तरी छत आहे. आपल्या अंगणातला बर्फ आपणच ओढायचा आहे, त्याच्या घरात गळती लागण्याआधी.