इसार

पवनेच्या जलाशयाकाठी, भंडारदऱ्याला, कोलाडला कुंडलिकेच्या तीरी आता तंबूंच्या वसाहती उभ्या राहिल्या आहेत. शनिवारच्या मुक्कामासाठी मंगळवारी फोन करणाऱ्या पाहुण्याकडून जागामालकाने आगाऊ रक्कम घ्यावी, की नुसत्या शब्दावर जागा राखून ठेवावी, असा प्रश्न तिथे दर आठवड्याला उभा राहतो. वरवर पाहता हा गल्ल्याचा प्रश्न, त्यात निरूपण करण्यासारखे काय, असे कुणालाही वाटेल. पण ज्या रकमेला आपल्याकडे इसार म्हणतात, तिच्यात देणे आणि घेणे, थांबणे आणि थांबवणे, वचन आणि त्या वचनाचे वजन असे इतके काही एकवटले आहे, की तिच्यापाशी थोडा वेळ बसावे लागते. माझे मत आधीच सांगून टाकतो: इसार घ्यावा. मात्र आपण काय घेतो आहोत हे घेणाऱ्याला, आणि काय देतो आहोत हे देणाऱ्याला, उमगलेले असावे.

पाहुणा जागा राखून ठेवायला सांगतो तेव्हा मालक नेमके काय राखतो, हे आधी पाहू. जमीन कुठे जात नाही, तंबूही गुंडाळून ठेवता येतो. राखली जाते ती रात्र, आणि रात्र ही अशी वस्तू आहे की ती न खपली म्हणून फडताळात ठेवून उद्या विकता येत नाही. त्यातही भंडारदऱ्याच्या रानात काजवे चमकतात ते मेच्या अखेरीपासून पाऊस नीट स्थिरावेपर्यंतचे थोडे आठवडे, आणि त्या आठवड्यांतले शनिवार तर बोटांवर मोजण्याइतके. अशा एका शनिवारी मालकाने एका कुटुंबाला ‘हो’ म्हटले, की त्याच क्षणापासून नंतर येणाऱ्या प्रत्येकाला तो ‘नाही’ म्हणू लागतो. हे नकार पाहुण्याला ऐकू येत नाहीत, त्यांची पावती कुणी फाडत नाही, पण पाहुण्यासाठी मालकाने केलेला तो खरा व्यय आहे. म्हणजे इसार आधी मालकाने दिलेला असतो, नकारांच्या रूपाने. पाहुण्याची रक्कम ही त्याला दिलेली पोच. इसाराकडे या बाजूने पाहिले की मालक आपल्यावर अविश्वास दाखवतो आहे हा पाहुण्याच्या मनातला सल बराचसा विरघळतो.

तरी कुणी विचारील, सज्जनाचा शब्द पुरेसा नाही काय? शब्द पुरेसाच आहे, पण शब्द देणारे मन मंगळवारी एक असते आणि शुक्रवारी रात्री दुसरे, ही गोष्ट साधकांना कुणी वेगळी सांगायला नको. म्हणून तर आपल्या परंपरेने संकल्पाला कधी नुसत्या मनावर सोडले नाही. संकल्प करताना तळहातावर पाणी घेऊन ते सोडायचे, नवस बोलताना सुपारी किंवा नाणे फडक्यात बांधून देवापाशी ठेवायचे. देवाला त्या नाण्याची गरज नसते आणि तो आपल्यावर दावाही लावणार नसतो, पण बोलणाऱ्याच्या शब्दाला त्या नाण्याने एक देह मिळतो, आणि देह मिळालेला शब्द सहजासहजी हवेत विरत नाही. आषाढी वारीला निघणारा वारकरी दिंडीत आगाऊ भिशी भरतो ती याच जातीची. त्या पैशातून चालक शिधा भरतो, ट्रक ठरवतो, पाले आणि राहुट्या गोळा करतो. आणि ज्याने भिशी भरली त्याचे पाऊल, अजून घरातून निघाले नसले तरी, वाटेला लागलेले असते. इसार प्रथम आपल्याच मनाला बांधतो, समोरच्याला त्यानंतर.

पण बांधणे म्हणजे जखडणे नव्हे, आणि हा भेद फार जपावा लागतो. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या यात्रा कमिटीचे कारभारी तिथे येतात, बोलणी होऊन सुपारी ठरते, इसार हातावर पडतो, आणि अमुक यात्रेची अमुक रात्र त्या गावाची होते. इथे दोन्ही हात मोकळे असून एकमेकांत गुंफलेले आहेत. आता ऊसतोडीच्या कोयत्याला, म्हणजे नवराबायकोच्या जोडीला, हंगामाआधी मुकादमाकडून मिळणारी उचल पाहा. तीही आगाऊ रक्कमच, तिनेही पुढचा काळ राखला जातो. पण घेणाऱ्याची गरज इतकी मोठी आणि रक्कम त्याच्या मानाने इतकी भारी, की हंगाम संपला तरी ती फिटत नाही आणि माणूस पुढच्या हंगामालाही तिच्याखाली वाकलेलाच राहतो. इसार देणाऱ्याला किंवा घेणाऱ्याला मोडून टाकू लागला की तो इसार राहत नाही. म्हणून तंबूच्या जागेसाठीही रक्कम अशी असावी की बुडाली तर चुटपुट लागावी, पण महिन्याच्या किराण्याला धक्का पोचू नये. एकूण खर्चाच्या पावपट म्हणा, फार तर तिसरा हिस्सा. यूपीआय आल्यापासून सगळेच्या सगळे पैसे आधीच मागून घेणे सोपे झाले आहे, आणि सोपे झाले म्हणूनच पुष्कळजण तसे मागतात. माझ्या मते ती इसाराची रीत नव्हे. ती आधी केलेली वसुली झाली.

आणखी एक पदर आहे. इसार हा पुढे जे पूर्ण मिळायचे आहे त्याचाच पहिला अंश असतो, बाहेरून आणून जोडलेली खूण नसतो. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात संत पौल अंतःकरणात दिलेल्या पवित्र आत्म्याला इसार म्हणतो, तेव्हा त्याला हेच सुचवायचे आहे: परमेश्वराने जे पूर्णत्वाने द्यायचे ठरवले आहे, त्याचा एक वाटा त्याने आधीच हाती ठेवला आहे, आणि देणारा स्वतः परमेश्वर असल्याने उरलेल्याविषयी शंका उरत नाही. येथे इसार वरून खाली येतो, भक्ताने भरायचा नसतो. तरी त्याचा स्वभाव तोच. तेव्हा व्यवहारातही पाहुण्याने भरलेली रक्कम अखेरच्या बिलात वळती झालीच पाहिजे. ‘नोंदणी शुल्क’ असे नाव देऊन ती बाजूला काढली आणि मुक्कामाचे पैसे पुन्हा पूर्ण मागितले, तर तो अंश पूर्णाला कधी मिळालाच नाही; शुल्क घ्यायचे तर खुशाल घ्यावे, पण त्याला इसार म्हणू नये.

ज्या पदरापाशी मी सर्वांत अधिक रेंगाळलो तो आता उलगडतो. इसार दोघांना बांधतो. इसवी सन ५३३ मध्ये सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने रोमन कायद्याचे जे पाठ्यपुस्तक सिद्ध झाले, त्यात नियम असा आहे की विकत घेणाऱ्याने शब्द मोडला तर त्याचा इसार बुडाला, आणि विकणाऱ्याने मोडला तर त्याने तो दुपटीने परत करावा. फ्रान्सच्या नागरी संहितेत कलम १५९० म्हणून हाच नियम आजही आहे. तिथल्या ग्राहक कायद्याने तर असेही मानले आहे की करारात वेगळे लिहिलेले नसेल, तर व्यावसायिकाला ग्राहकाने आगाऊ दिलेली रक्कम इसारच समजावी. ग्राहक मागे फिरला तर त्याने ती सोडून द्यायची, व्यावसायिक मागे फिरला तर त्याने दुप्पट द्यायची. तंबूची जागा राखून देणाऱ्यालाही हे लागू होते. आपल्याकडे मात्र काय दिसते? जोडून सुट्ट्या आल्या, कुणी अधिक पैसे मोजायला तयार झाला, की आधीच्या पाहुण्याला फोन जातो, ‘साहेब, काहीतरी गोंधळ झालाय, तुमचे पैसे परत पाठवतो,’ आणि जितके घेतले तितके परत पाठवले म्हणजे आपण सचोटीने वागलो असे मालकाला मनापासून वाटते. पाहुण्याने शब्द मोडला तर त्याचे काही जाते आणि मालकाने मोडला तर काहीच जात नाही, अशा रकमेला कोणत्या तोंडाने इसार म्हणावे? दुप्पट देण्याची रीत आपल्या जागामालकांनी आपण होऊन पत्करावी असे मला फार वाटते. त्यांनी नियमावलीत लिहिलेले बाकीचे सगळे, गाण्याची वेळ आणि शेकोटीची जागा, त्यानंतर वाचायला हरकत नाही.

आपला कायदाही इसाराला हवे तसे ताणू देत नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ नुसार करार मोडणाऱ्याकडून मिळते ती वाजवी भरपाई, आणि करारात लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. १९६३ साली फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या खटल्यात, दिल्लीतल्या एका मालमत्तेच्या व्यवहारात, खरेदीदाराने दिलेल्या २५,००० रुपयांपैकी १,००० रुपये इसाराचे होते. तेवढे विकणाऱ्याने ठेवून घ्यावेत, पण किमतीपोटी आलेले उरलेले २४,००० रुपये करारात तसे कलम आहे एवढ्यावरून जप्त करता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. म्हणजे सगळी रक्कम आधी घेऊन ‘कोणत्याही परिस्थितीत परतावा नाही’ असे खाली बारीक अक्षरात छापणाऱ्याने, आपण इसाराच्या आश्रयाला उभे आहोत असे समजू नये.

शब्द कुणीच मोडत नाही आणि तरी मुक्काम घडत नाही, असेही होते. सह्याद्रीत पाऊस कोसळतो, जिल्हाधिकारी पर्यटनस्थळांवर बंदीचा आदेश काढतात, घाटात दरड येते. अशा वेळी इसार मालकाकडे असतो तो ठेव म्हणून, कमाई म्हणून नव्हे, आणि तो जसाच्या तसा परत जावा; पुढची तारीख घ्यायची की पैसे, हे पाहुण्याने ठरवावे.

राहता राहिले ते न कळवता येणारे लोक. राजमाचीच्या पायथ्याला उधेवाडीत घराघरांतून दुर्गभटक्यांची जेवणाची आणि निजण्याची सोय होते. तिथे फोनवर दहा माणसांचे पिठले-भाकरी सांगून सहाच येणाऱ्यांनी काय करावे हे वरच्या विवेचनातून निघतेच. चार जणांच्या भाकऱ्यांचे पैसे त्यांनी न मागता द्यावेत. पण लोणावळ्याहून दिवसभर चालत येणारा, ज्याच्या फोनला रेंज नाही किंवा ज्याने कुठे पोचायचे हेच ठरवलेले नाही, त्याच्याकडून इसार कसा आणि कशाचा मागणार? त्याने कुणाची रात्र अडवलेली नाही, कुणाला नकार द्यायला लावलेला नाही. म्हणून माझे जागामालकांना एवढेच सांगणे आहे की वीस जागा असतील तर अठरांची नोंदणी इसार घेऊन करावी, आणि दोन जागा, भर हंगामातल्या शनिवारीसुद्धा, अंधार पडेपर्यंत कुणालाच देऊ नयेत.