सबुरीची बेगमी

ऑक्टोबर २०२४ मध्ये बंगळुरूच्या मैदानावर भारताचा डाव अवघ्या ४६ धावांत आटोपला, तेव्हा पावसाळी हवा आणि दमट खेळपट्टी यांच्या माथी दोष मारून रसिकांनी आपली समजूत काढून घेतली; परंतु त्यापुढच्याच कसोटीत, पुण्याजवळ गहुंजे येथे, खेळपट्टी मुद्दाम फिरकीस अनुकूल असताना, न्यूझीलंडच्या मिचेल सँटनरने सामन्यात १३ बळी घेतले आणि २०१३ पासून मायदेशातील लागोपाठ १८ मालिका जिंकण्याची आमची वहिवाट मोडली, तेव्हा सबबही शिल्लक राहिली नाही. पाठोपाठ वानखेडेवर १४७ धावांचा पाठलाग १२१ वर संपला. वर्षभराने, नोव्हेंबर २०२५ मध्ये, कोलकात्यात १२४ धावा हव्या असताना दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९३ वर सर्व बाद झालो. अशीच खेळपट्टी आम्हास हवी होती, असे प्रशिक्षक गौतम गंभीर यांनी सामन्यानंतर सांगितले. आणि गुवाहाटीत तर ४०८ धावांनी, म्हणजे धावांच्या हिशेबात आजवरच्या सर्वांत मोठ्या फरकाने, पराभव पदरी पडला. ज्या फिरकीच्या जोरावर परकीयांना आपण घरी बोलावून नामोहरम करीत होतो, त्याच फिरकीपुढे आपले फलंदाज गांगरावेत, हा योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा प्रकार नव्हे.

या अवनतीचा जमाखर्च मांडताना कोणी प्रशिक्षकास जबाबदार धरतो, कोणी रोहित शर्मा आणि विराट कोहली यांच्या उताराच्या वयाकडे बोट दाखवतो, तर कोणी आयपीएलला एकदाचे दोषी ठरवून मोकळा होतो. ही कारणे खोटी नाहीत. मात्र ती शिखराकडे पाहून शोधलेली आहेत. कसोटीचा संघ ज्या मधल्या फळीच्या, बेताच्या कीर्तीच्या, पण तासन्‌तास उभे राहण्याची तयारी असलेल्या माणसांवर उभा असतो, त्या माणसांचे पोट कोण भरतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

मराठवाड्यातल्या वाचकास त्याचे उत्तर दूर शोधावयास नको. पूर्णा हे मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरचे जंक्शन. अकोल्याकडचा फाटा येथूनच फुटतो. रेल्वेची नोकरी म्हणजे काय, हे या गावात कोणास समजावून द्यावे लागत नाही: ठरल्या तारखेचा पगार, वसाहतीतले घर, प्रवासाचा पास, आणि उद्याची विवंचना नसल्याने मनास लाभलेले एक प्रकारचे स्थैर्य. याच खात्याच्या संघाने २००१-०२ आणि २००४-०५ अशा दोन मोसमांत रणजी करंडक जिंकला, आणि याच संघातून, बीड येथे जन्मलेले संजय बांगर भारताच्या कसोटी संघात आले. ऑगस्ट २००२ मध्ये इंग्लंडविरुद्ध लीड्सच्या मळभ दाटलेल्या सकाळी, सेहवाग लवकर परतल्यावर, चेंडू दोन्ही अंगांनी वळत असताना, त्यांनी राहुल द्रविड यांच्यासमवेत १७० धावांची भागी रचली. त्यांच्या स्वतःच्या धावा ६८. त्यांस लागलेले चेंडू २३६. पुढे द्रविड, तेंडुलकर आणि गांगुली या तिघांनी शतके ठोकली, भारताने डाव आणि ४६ धावांनी सामना जिंकला, आणि लोकांच्या स्मरणात ती शतकेच अधिक राहिली. तथापि नव्या चेंडूची धार बोथट होईपर्यंत खिंड लढविणारा हा माणूस नसता तर त्या शतकांची पायाभरणी कशी झाली असती, हा विचार करण्याजोगा आहे.

ती सबुरी स्वभावाने येते हे खरे, पण ती टिकते आश्रयाने. नोव्हेंबर २०२४ च्या आयपीएल लिलावात ऋषभ पंत यांस सुमारे दोन महिन्यांच्या मोसमासाठी २७ कोटी रुपये मिळाले. उलट, २०१८-१९ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात १२५८ चेंडू खेळून मालिका जिंकून देणाऱ्या चेतेश्वर पुजारांस त्या बाजारात फारसा भाव नव्हता. जून २०२३ नंतर त्यांना संघात स्थान मिळाले नाही, ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनी निवृत्ती पत्करली, आणि तिसऱ्या क्रमांकाची त्यांची जागा त्यांच्या तोलामोलाच्या माणसाने अद्याप भरलेली नाही. तालीम जेथे व्हावयाची त्या रणजी स्पर्धेचे २०२४-२५ पासून दोन तुकडे करून मध्ये झटपट सामने घालण्यात आले. आणि विराट कोहली जानेवारी २०२५ मध्ये तब्बल बारा वर्षांनी या स्पर्धेत उतरले, तेव्हा रेल्वेच्याच हिमांशू सांगवानने ६ धावांवर त्यांचा त्रिफळा उडविला.

आमच्याकडील गावोगावच्या टेनिस बॉल स्पर्धा पाहाव्यात. सहा षटकांचा सामना, पुढाऱ्याच्या नावाचे पहिले बक्षीस, ध्वनिक्षेपकावर अखंड समालोचन, आणि एखाद्या पोराने ऑफस्टंपाबाहेरचा चेंडू नुसता सोडून दिला की सीमारेषेवरून त्याच्याच संघातली मंडळी ओरडतात, “हान की रे!” त्या पोरास दोष कसा द्यावा? चेंडू सोडण्याबद्दल मोबदला देणारी एकही व्यवस्था त्याने डोळ्यांनी पाहिलेली नाही.

याउलट, जुलै २०२५ मध्ये मँचेस्टर येथे इंग्लंडविरुद्ध, शून्यावर दोन गडी बाद झालेले असताना, शुभमन गिल आणि के. एल. राहुल यांनी डाव सावरला, रवींद्र जडेजा आणि वॉशिंग्टन सुंदर यांनी नाबाद शतकांनी सामना अनिर्णित राखला, हे कोणी दाखवून देईल. ते मान्यच आहे. धीर या भूमीतून नाहीसा झालेला नाही. परंतु व्यक्तींच्या अंगच्या धैर्यावर एखादी लढाई निभावते. राज्य चालवावयास बेगमी लागते. भारतीय क्रिकेट मंडळाने मार्च २०२४ मध्ये कसोटी खेळणाऱ्यांस वाढीव मानधनाची योजना जाहीर केली, ती योग्यच. पण ते बक्षीस शिखरावर पोहोचलेल्यांस मिळावयाचे. ज्याने अजून तेथे पोहोचावयाचे आहे, त्या चार दिवसांच्या सामन्यातल्या खेळाडूस पूर्वी रेल्वेने, बँकांनी आणि सरकारी खात्यांनी जी निश्चिंती दिली, तिची जागा मंडळाच्या भरलेल्या तिजोरीने घ्यावी. वर्षभराचा पगार, अखंड मोसम आणि साध्या, न सजविलेल्या खेळपट्ट्या एवढ्या तीन गोष्टी देण्यास दिरंगाई होत राहिली, तर प्रशिक्षक कितीही बदलले तरी धावफलक तोच राहील.